उष्टं, भेसळ आणि एचआयव्ही : ताटातल्या एका भीतीचा इतिहास

एक मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. आंब्याच्या एका प्रसिद्ध पेयाच्या कारखान्यात कुणा कामगाराने आपलं एचआयव्हीबाधित रक्त मिसळलंय, पुढचे काही आठवडे ते पेय पिऊ नका, असा. खाली दिल्ली पोलिसांचं नाव, वर एका न्यूज चॅनेलचा हवाला, आणि शेवटी ‘आपल्या माणसांना लगेच पाठवा’. पेयाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण खोटी गोष्ट खोडताना ती पुन्हा एकदा पसरतेच. हाच मेसेज ब्रिटनमध्ये दुसऱ्या कंपनीच्या शीतपेयाचं आणि लंडन पोलिसांचं नाव लावून फिरला. कधी त्यात अननस कापताना बोट कापलेला फेरीवाला असतो, कधी सुईने रक्त टोचलेली केळी असतात, कधी परदेशातून आलेले डबाबंद फळांचे डबे.

आधी उत्तर देते, मग इतिहासाकडे वळू. एचआयव्ही अन्नातून किंवा पेयातून पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, उष्टा घास खाल्ल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने, बाधित माणसाने केलेला स्वयंपाक खाल्ल्याने कुणाला लागण होत नाही. हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, ससूनच्या कॉरिडॉरमध्ये पस्तीस वर्षं वाचत आलोय. तरीही भीती जात नाही. का जात नाही, हा या लेखाचा विषय.

विषाणूला ताट का मानवत नाही

पोस्टरवर ‘पसरत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण लिहिलेलं नसतं. म्हणून थोडक्यात कारण.

एचआयव्हीच्या कणाभोवती स्निग्ध पदार्थाचं एक नाजूक आवरण असतं. शरीराबाहेर रक्त वाळायला लागलं की काही तासांतच त्यातले बहुतेक विषाणू निकामी होतात. शिजवण्याच्या उष्णतेत ते टिकत नाहीत. लाळेत त्यांना रोखणारे घटक असतात आणि पुढे जठरातलं आम्ल असतंच. मुख्य म्हणजे हा विषाणू जिवंत शरीराबाहेर वाढत नाही. शिळ्या भातात किंवा उघड्या चटणीत जिवाणू तासातासाला वाढत जातात. एचआयव्हीचं उलटं आहे, त्याची संख्या फक्त घटत जाते. त्याला शिरायला विशिष्ट पेशी लागतात, रक्तातल्या सीडी-४ पेशी. तिथवर त्याला पोचवणारे रस्ते मोजकेच: असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकमेकांच्या वापरलेल्या सुया, आणि आईकडून बाळाला.

इथे एक रास्त शंका येते. सुईतून पसरतो तर रक्त पडलेल्या भेळेतून का नाही? बंद सिरिंजमध्ये रक्त हवेपासून आणि वाळण्यापासून वाचतं, म्हणून तिथे विषाणू कित्येक दिवस तग धरू शकतो. शिवाय सुई त्याला थेट रक्तात नेऊन सोडते. भेळेच्या वाटेत हवा, आंबटपणा, लाळ आणि जठर असं सगळं आडवं येतं.

आता प्रामाणिकपणे अपवाद. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाधित मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडात चावून मऊ केलेला घास त्यांना भरवला जात होता. हिरड्यांतलं रक्त त्या घासात गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे घासात ताजं रक्त, तोही त्याच क्षणी तान्ह्या बाळाच्या तोंडात. हॉटेल, कॅन्टीन, हातगाडी, लग्नाची पंगत यांच्याशी या प्रकाराचा काही संबंध नाही. दुसरा अपवाद आईच्या दुधाचा. त्याकडे पुढे सविस्तर येणार आहे, कारण तो धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे.

हे कधी कळलं?

आश्चर्य वाटेल इतक्या लवकर. एड्सचे पहिले रुग्ण नोंदवले गेले १९८१ मध्ये. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कामाच्या ठिकाणांसाठी सूचना काढल्या. हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या बाधित कामगारांवर केवळ या कारणासाठी बंधन घालायची गरज नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०१ माणसं. घरं बहुतेक गरिबांची, दाटीवाटीची. एकाच घरात ताटं, पेले, टॉवेल सगळं सामायिक. लैंगिक जोडीदारांना या मोजणीतून वगळलं होतं. त्या १०१ जणांत फक्त एक पाच वर्षांची मुलगी बाधित निघाली, आणि तिला लागण जन्माच्या वेळी आईकडूनच झाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. घरातल्या वावरातून, भांड्यांतून एकालाही नाही.

म्हणजे १९८६ पर्यंत विज्ञानाच्या बाजूने प्रश्न बराचसा मिटला होता. भीतीच्या बाजूने मात्र नुकती सुरुवात होती. १९९० मध्ये अमेरिकेच्या संसदेत अपंगांच्या हक्कांचा कायदा येत असताना टेक्सासचे प्रतिनिधी जिम चॅपमन यांनी एक दुरुस्ती मांडली: बाधित कामगाराला अन्न हाताळायच्या कामावरून हलवायची मुभा मालकाला द्या. रोग अन्नातून पसरतो म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईक घाबरून हॉटेलात यायचं बंद होईल म्हणून. प्रतिनिधिगृहात ती मंजूरही झाली. शेवटी ती वगळली गेली आणि तोडगा असा निघाला की अन्नातून पसरणाऱ्या रोगांची यादी आरोग्य खात्याने शास्त्रीय पुराव्यावर ठरवावी. त्या यादीत एचआयव्ही नव्हता.

तेव्हा ‘आपले लोक अडाणी, तिकडे असं नसतं’ हा समज इथेच सोडून देऊ. प्रत्येक समाज नव्या रोगाला आपल्या जुन्या भीतीच्या साच्यात ओततो. आपला साचा कसा होता, ते आता पाहू.

पहिला साचा : कावीळ, टायफॉईड आणि बाहेरचं खाणं

‘बाहेरचं खाऊ नकोस, कावीळ होईल.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय पुण्यात कुणी मोठं झालं नसेल. आणि ते वाक्य खरं आहे. टायफॉईड, कॉलरा, हेपटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्याने-अन्नाने होणारेच आजार. यातल्या हेपटायटिस ई वर आपल्या शहरातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्हीत, वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. अगदी अलीकडचं उदाहरण जानेवारी २०२५ चं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. घरोघर पाणी उकळायला लागले, कित्येकांनी चिकन आणि पनीर सोडलं.

अशा शहरात ‘रक्ताने पसरणारा’ आणि ‘पोटातून पसरणारा’ हे दोन रोग माणसाच्या डोक्यात एकत्र होणं अगदी स्वाभाविक आहे. कावीळीचंच बघा ना. हेपटायटिस ए आणि ई पाण्यातून, बी आणि सी रक्तातून. बोलताना आपण सगळ्यांना ‘कावीळ’च म्हणतो. एक रोग अन्नातून येतो हे अनुभवाने कळलेलं असताना दुसरा येत नाही, हे केवळ पोस्टर वाचून कुणी का मानावं?

दुसरा साचा : उष्टं

पण काविळीच्या रुग्णाचं ताट बरं झाल्यावर पुन्हा घरच्या ताटांत मिसळतं. एचआयव्ही असलेल्या माणसाचं ताट मिसळत नाही. हा फरक जंतूंच्या भीतीने पुरता समजत नाही. तिथे दुसरी, जास्त जुनी गोष्ट काम करते. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, कुणाची कपबशी वेगळी ठेवायची, कुणाला ओंजळीत वरून पाणी घालायचं.

पुण्याच्या इतिहासात याचे दोन ठळक टप्पे आहेत. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या गंज पेठेतल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी तेच, हौद तोच. फक्त त्यात कुणाचं भांडं बुडतंय एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्याने शहर हादरलं. दुसरा टप्पा १८९० चा. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी गेली होती, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. कार्यक्रमानंतर ख्रिस्ती यजमानांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि मग एकच गदारोळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं घेतली गेली. एका कप चहासाठी!

त्या चहाने कुणी आजारी पडेल असं कुणीच म्हणत नव्हतं. भीती विटाळाची होती. विटाळाचा हिशोब जंतूंपेक्षा वेगळा असतो. तो उकळल्याने जात नाही, कालांतराने कमी होत नाही, आणि माणूस दिसायला ठणठणीत असला तरी त्याला चिकटून राहतो. आता हीच लक्षणं एड्सबद्दलच्या भीतीला लावून पाहा. चपखल बसतात. माझं म्हणणं असं की विसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याला ‘विटाळ’ हा शब्द उघडपणे वापरायची लाज वाटू लागली होती, आणि त्याच सुमारास ‘इन्फेक्शन’ हा शब्द हाताशी आला. वेगळं ताट तसंच राहिलं, कारण मात्र आता डॉक्टरी झालं.

त्यात एड्सच्या बाबतीत चारित्र्याचा शिक्का होता. लागण कशी झाली याबद्दलचा संशय आणि ताटाबद्दलची किळस एकमेकांत मिसळली.

ताट कुणाचं वेगळं झालं?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. तपासणीच्या सुरुवातीच्या केंद्रांत वेल्लोरसोबत पुण्याची एनआयव्ही होती. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. ज्ञान शहरातच होतं. तरी भीती त्याच्या पुढे धावत होती.

सरकारंही घाबरलेली होती. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर तपासणीत बाधित निघाला म्हणून, म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. कायद्यातच तशी तरतूद केलेली होती. त्याची आई ल्यूसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. रक्तातून आणि संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूला इथे हवेतून पसरणाऱ्या रोगासारखं कोंडलं होतं. डॉमिनिक पुढे याच कामाला लागला आणि १९९२ मध्ये गेला.

घरांत मात्र कोर्टकचेरी नव्हती, तिथे निकाल स्वयंपाकघरात लागायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या शालिनी भरत यांनी मुंबई आणि बंगळूरमध्ये केलेला अभ्यास यूएनएड्सने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट ठळकपणे येते: आजारी मुलाची घरात सेवा होते, सुनेला दोष मिळतो. लागण नवऱ्याकडून झालेली असली तरी. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला वेगळी थाळी, वेगळा कोपरा किंवा माहेरचा रस्ता. ताटाची भीती घरातल्या सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्याला घराबाहेर काढणं आधीच सोपं असतं, त्याच्यावर ती आधी पडते.

आणि मग मुलं. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये ‘मानव्य’ सुरू केली ती अशाच मुलांसाठी. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’च्या बाधित मुलांना गावातल्या शाळेत बसू द्यायला पालकांनी विरोध केला. ही मुलं येणार असतील तर आमची येणार नाहीत, असा पवित्रा. शाळा म्हणजे बाक, पाण्याची टाकी, डबा आणि दुपारची खिचडी. ब्राँक्सच्या त्या अभ्यासाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.

ससून आणि खरोखरचं दूषित अन्न

आता तो राहिलेला धागा. आईच्या दुधातून एचआयव्ही बाळाला जाऊ शकतो. उपचार नसतील तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान या सगळ्यांतून मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. मग दूध बंद करा, वरचं दूध द्या, असा साधा उपाय सुचतो. श्रीमंत देशांनी तोच स्वीकारला होता.

बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाधित मातांच्या बाळांचा माग ठेवला आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या दुधावरच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल करायची वेळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आली. बाटली, पाणी, पातळ केलेलं दूध यांतून येणारे आजार, आणि आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण नाही. एका विषाणूला घाबरून अन्न बदललं आणि दुसरे जंतू बाळाच्या तोंडात गेले.

त्यानंतर याच ठिकाणी, इथिओपिया आणि युगांडाच्या जोडीने, एक मोठी चाचणी झाली. स्तनपान करणाऱ्या बाळांना नेविरापिन या औषधाचा एकच डोस देण्याऐवजी ते सहा आठवडे रोज दिलं तर काय होतं? २००८ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निष्कर्षानुसार सहा आठवड्यांच्या वयाला लागणीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा फायदा विरळ झाला. म्हणजे औषध थांबवून भागत नव्हतं. आज बाधित आईला आयुष्यभराचे एआरटी उपचार दिले जातात आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचा सल्ला दिला जातो.

मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग वाटतो. जिथे अन्नातून खरोखर धोका होता, तिथे पुण्यातल्या डॉक्टरांनी आई आणि बाळ वेगळं केलं नाही. धोका मोजला, औषध शोधलं, आणि दूध चालू ठेवलं. जिथे धोका नव्हता, त्या ताटाचं मात्र आपण घरोघर विलगीकरण केलं.

भेसळीची भीती

उष्ट्याची भीती ओळखीच्या माणसाबद्दल असते. सून, भाऊ, वर्गातलं पोर. सुरुवातीला सांगितलेल्या मेसेजमधली भीती वेगळी. तिथला माणूस अनोळखी आहे, बिननावाचा कामगार, फेरीवाला. तो फक्त आजारी नाही, तो सूड उगवतोय. आपलं अन्न आता आपल्या डोळ्यांसमोर तयार होत नाही. कारखाना कुठला, हात कुणाचे, काही माहीत नसतं. दुधात युरिया आणि मिरचीपुडीत विटांची भुकटी यांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला ‘रक्त मिसळलं’ हे अशक्य वाटत नाही. खऱ्या भेसळीबद्दलचा रास्त राग इथे चुकीच्या माणसावर निघतो. मालक, परवाने, तपासणी, कुणीच गोष्टीत नाही. खलनायक एकटा तो आजारी मजूर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीच्या माहितीबद्दल जे प्रश्न असतात त्यांत अन्न दोनदा येतं. बाधित माणसाबरोबर जेवल्याने लागण होते का? आणि भाजीवाला बाधित आहे हे कळलं तर त्याच्याकडून भाजी घ्याल का? पहिला प्रश्न माहितीचा, दुसरा वागण्याचा. बचावाचे मार्ग माहीत असणं आणि प्रमुख गैरसमज नाकारणं या सगळ्याला मिळून ‘सर्वंकष ज्ञान’ म्हणतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते देशातल्या २१.६ टक्के महिलांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना होतं. आधीच्या फेरीत २०.९ आणि ३२.३. पाच वर्षांत जवळपास काहीच हललं नाही, आणि फोन तर घराघरांत पोचलेले.

कायदा मात्र पुढे सरकला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभावाला बंदी आहे. बाधित व्यक्तीला सामायिक घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क आहे, म्हणजे स्वयंपाकघरही आलंच. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. आणि विज्ञानही पुढे सरकलं. ज्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवलं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, त्याचं एक केंद्र भोसरीची ‘नारी’ होतं. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्यापासून लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही, हे आज मान्य झालेलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला तर ‘अफवा आहे’ एवढंच लिहून थांबू नका. सोबत कारण लिहा: हा विषाणू शरीराबाहेर वाढत नाही, पोटातून जात नाही, आणि १९८६ पासून एका ताटात जेवणाऱ्या घरांत हे तपासलेलं आहे. आणि त्याच ग्रुपवर कदाचित कुणीतरी गप्प बसून हे वाचत असेल, ज्याची सकाळची गोळी घरात कुणाला ठाऊक नाही आणि जो आज रात्री सगळ्यांबरोबर एकाच पंगतीत जेवणार आहे. तुमचं उत्तर त्याच्यासाठीही आहे.